बिनफोडणीचं सूप

सिकंदराबाद,
पौष महिना, सन १९५८

तीर्थस्वरूप सौभाग्यवती रेणुका आक्काच्या पायांवर, आणि हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या आमच्या सुधाकरराव भाऊजींच्या चष्म्यावर, धाकट्या बाबारावचं डोकं टेकलेलं असो. इकडे मी हातापायानं धड आहे. तिकडे तू, भाऊजी, लेकरं, दुकान आणि ती शिंगमोडी म्हैस सगळे खुशाल असाल असं मी धरूनच चालतो, कारण विचारलं तर उत्तर यायला फार दिवस लागतात. (भाऊजी, अक्षराला हसू नका. मी शाळेत बसलो तेव्हा मास्तर अलिफ-बे घोटून घ्यायचे. पोलिस ॲक्शन झाली आणि ते गेले. मग मराठीचे मास्तर आले, ते बाराखडी संपायच्या आत बदलून गेले. मग तेलुगूचे मास्तर येणार असं कळलं, तेव्हा मीच गेलो. एवढ्यातून जे अक्षर उरलं ते हे.)

आक्का, आधी एक सांगून टाकतो म्हणजे पुढचं ऐकताना जीव घाबरा व्हायला नको. आपले आबा जिवंत आहेत. तुला जर कोपरा फाडलेलं एखादं कारड आलं असेल, तर ते शेजारच्या मळ्यातल्या वामनरावांनी घाईत धाडलेलं आहे आणि त्यात लिहिलेलं काही घडलेलं नाही. अंघोळ केली असशील, रडून घेतलं असशील, तर ते काही परत करता येत नाही. पण आबा बरे आहेत. तेव्हा दुकान उघडं टाकून, कापसाची वेचणी सोडून धावत यायची काही गरज नाही. आणि कारड आलंच नसेल, तर त्याचं कारण असं की वामनरावांच्या माणसानं सवयीनं पत्ता ‘किनवट, जिल्हा आदिलाबाद’ असा घातला. किनवट आता आपल्या जिल्ह्यात नाही, आपल्या राज्यातही नाही, हे त्याच्या हाताला अजून कळलेलं नाही. ते कारड कुठं फिरून राह्यलं असेल देव जाणे.

हे सगळं एका सूपापायी झालं. आबांना सूप कसं ठाऊक, ते तू त्यांच्या तोंडून ऐकलं असशील, पण त्यांनी गाळलेलं मी सांगतो. कोणता मुलूख कुठं जोडायचा याची विचारपूस चालली होती, तेव्हा आपल्या भागातली मंडळी अर्ज घेऊन हैद्राबादला आली होती, की आमची गावं मराठी, आमाला मराठी मुलखात घाला. त्यात आबा होते. पागोटं धुऊन, नवी वहाण घालून, गर्दीच्या पार मागं उभे. पुढच्यांनी अर्ज दिला, मागच्यांनी पुढच्यांच्या पाठी पाहिल्या, आणि सगळे परत फिरले. आबांना कोणी काही विचारलं नाही. वहाण चावली तेवढी. मी त्यांना आमच्या हाटेलात आणलं, म्हणजे मागच्या दारानं, जिथं मी ताटल्या विसळतो तिथं. (गावात मी हाटेल सांभाळतो असं सांगून ठेवलेलं आहे, ते तसंच राहू दे.) आचाऱ्याला त्या धुतलेल्या पागोट्याची दया आली आणि त्यानं साहेब लोकांना देतात ते भाज्यांचं सूप एका वाटीत ओतून दिलं. वर लोणी, मिरपूड, आणि पावाचे तळलेले चौकोनी तुकडे.

आबांनी वाटीत पाहिलं. सोन्यासारखं पिवळं पाणी, तळ दिसणारं. एक घोट घेतला आणि थांबले. यात काय काय आहे म्हणून विचारलं. मी गाजर, दोडका, भोपळा, घेवडा, कोबी, कांदा असं सांगितलं. मग भाजी कुठं गेली म्हणून विचारलं. मी म्हणालो, उकळून गाळून टाकून दिली. सारा जन्म वांगी-दोडक्यांत घातलेला माणूस तो, मला वाटलं आता वाटी भिंतीवर बसते. पण त्यांनी उरलेलं सगळं पिऊन घेतलं, वाटीत बोट फिरवून चाटलं, आणि म्हणाले, “हे पानी नाई, बाबा. हा तं मळा हाय.”

गावात परत गेल्यावर लोकांनी विचारलं, अमृतराव, अर्जाचं काय झालं? आबांनी त्यांना सूपाचं सांगितलं. पुढं महिनाभर जो कोणी अर्जाचं विचारी त्याला सूपच ऐकावं लागे. शेवटी लोकांनी विचारणं सोडलं, आणि मुलखाचा निकाल लागला तो गावात सूपाच्या मागून कळला.

(भाऊजी, आता दोन ओळी जरा हळू वाचा.) निकाल ऐन दिवाळीत लागला. तुमी सगळे माहेरपणाला आलेले. किनवट मुंबई राज्यात गेलं, आपलं गाव आंध्रात राहिलं. भाऊजी पाटावर बसले होते, हसत हसत म्हणाले की मामाजी, आता तुमच्याकडं दिवाळीला यायचं म्हणजे परमुलखात यायचं. मी चिवडा वाढून राह्यलो होतो, मला दिसलं की ते थट्टेनंच म्हणाले. पण आबांच्या पायाला ती हैद्राबादची वहाण अजून चावत होती. ते म्हणाले, “परमुलूख वाटते तं कायले येता? नका येऊ.” मग भाऊजींनी हात धुतले. माझी भाऊबीज त्याच संध्याकाळी किनवटच्या गाडीत बसून गेली. त्यानंतर एक दिवाळी बिनरेणुकेची झाली, संक्रांत झाली, पोळा झाला. आत्या दर सणाला तुझ्या नावाची पुरणपोळी करून झाकून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी गाईला घालते. गाय लठ्ठ झाली आहे.

मला घरी बोलावणं आलं ते दसऱ्यानंतर. सोजर आत्यानं कोणाकडून तरी लिहून धाडलं की पावसात आबांना ताप आला, ताप गेला, पण भूक परत आली नाही. मी ताबडतोब निघालो म्हणजे थंडी पडल्यावर निघालो, कारण रजा मागितली की आमचा मालक आधी शिव्या देतो, मग विचार करतो. स्टेशनवरून येणाऱ्या तामसीच्या मोटारीतून उतरून मळ्यात गेलो तर दोडके वेलावरच वाळून खुळखुळे झालेले, वारा आला की वाजत होते. आबा बाजेवर भिंतीकडं तोंड करून. आक्का, आपल्या आबांचे खांदे तुला आठवतात ना, मोट धरणारे? त्या खांद्यांवरून गोधडी घसरून राह्यली होती. आत्यानं भाकरी कुस्करून पाहिली, कण्या दिल्या, ताक दिलं. त्यांनी मला पाहिलं, जरा वेळानं ओळखलं, आणि म्हणाले की तुझ्या हाटेलातलं ते पाजशील तर पाहू.

आता मी ताटल्या विसळणारा. सूपाशी माझी ओळख ताटलीच्या काठाला राहिलेल्या ओघळापुरती. निघताना आचाऱ्याला विचारलं होतं खरं, पण तो आपली विद्या अशी सांगतो जशी काही मी त्याची मुलगीच मागून राह्यलो. एक गोष्ट मात्र त्यानं बोट नाचवून बजावली होती: तडका नाही, हळद नाही, मिरची नाही. फोडणी पडली की सूप मेलं. हे वाक्य मी डोक्यात घट्ट बांधून आणलं होतं, आणि सगळा घात त्यानंच झाला.

कोबी आपल्याकडं कुठला. मी गाजर घेतलं, भोपळा घेतला, कांद्याची पात, वालाच्या शेंगा, आणि कोबीच्या जागी मुळा घातला, कारण दोन्ही पांढरे. (त्या मुळ्याबद्दल पुढं काही विचारू नको.) आत्या तेलाची कढई घेऊन उभी. मी म्हणालो, फोडणी नाही द्यायची. ती म्हणाली, जिरं तरी? मी म्हणालो, नाही. हळद? नाही. तेव्हा तिनं कढई खाली ठेवली आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी तेव्हाच समजायला हवं होतं. म्हणाली, “बिनफोडणीचं कोणाच्या घरी शिजते, ठाव हाय ना तुले?” मला ठाऊक होतं. सुतकात शिजतं. पण मी शहरात राहून आलेला, मी म्हणालो हे सगळं जुनं झालं. ती म्हणाली, मंग माझ्या चुलीवर नको. म्हणून मी अंगणात तीन दगड मांडले आणि मोठ्या हंड्यात पाणी तापत ठेवलं.

मग गाळायला फडकं पाहिजे. घरातली सगळी फडकी हळदीनं पिवळी. आत्याच्या पेटीत गादीच्या खोळीसाठी आणलेलं कोरं पांढरं मांजरपाट होतं, ते मी अंगणात उभं राहून टर्रकन फाडलं. भाज्या शिजून लगदा झाल्या, त्या गाळून मी गाईपुढं टाकल्या. आबांनी आजारात, काठी टेकत जाऊन तोडलेलं शेवटचं गाजर त्यात होतं, हे मला कुठं ठाऊक. आत्या उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

आता आक्का, तू आपल्या गावची आहेस. डोळे मिट आणि पाहा. जेवणाची वेळ, घरोघर फोडण्या चरचरून राह्यल्या, आणि एका घरातून आवाज नाही, वास येतो तो नुसता उकडल्याचा. त्या घरात पावसाळ्यापासूनचं दुखणं. मुलगा परगावाहून आलेला. अंगणात तीन दगडांवर हंडाभर पाणी तापतंय. कोरं पांढरं कापड फाडलं जातंय. आणि म्हातारी बहीण उंबऱ्यात बसून रडतेय. कौशल्याबाई डोक्यावर घागर घेऊन रस्त्यानं चालल्या होत्या. त्यांनी घागर तिथंच पालथी केली.

मी आत होतो. सूप वाटीत घातलं, लोण्याचा गोळा सोडला, पाव नव्हता म्हणून ज्वारीच्या भाकरीचे तुकडे तुपात तळले होते ते वर टाकले (ते सरळ तळाला जाऊन बसले, हलेचनात), आणि आबांना उठवून चमचा तोंडाशी नेला. त्यांनी एक चमचा घेतला. चेहऱ्यावर काही उमटेना. दुसरा चमचा नेतो तोच दारात असा हंबरडा फुटला की वाटी माझ्या मांडीवर आली. पहिल्या कौशल्याबाई, त्यांच्या मागं आशाबाई, तुळजाबाई, मग सगळी आळी. गळ्यात गळे घालून, एकेक आठवण काढून, सुरात. आत्याला वाटलं यांना सगळ्यांना गाजराचं कळलं, म्हणून तिनं आणखी मोठ्यानं गळा काढला.

मी ओरडायला तोंड उघडलं तर आबांनी माझं मनगट धरलं. हात केवढा गार, पण पकड जुनी. दुसऱ्या हातानं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळे मिटून पडून राहिले. रडण्याचा एकेक आवाज आला की त्यांचे ओठ हलायचे, आशा, तुळजा, कौशल्या, जशी काही हजेरी घेऊन राह्यले. मला वाटलं म्हाताऱ्याला मजा वाटते. बाहेर पुरुष माणसं जमली. ज्या वामनरावांनी पाण्याच्या पाळीवरून आपल्याशी बोलणं टाकलेलं होतं, ते स्वतःच्या बेटातले दोन हिरवे बांबू खांद्यावर घेऊन आले, आणि सगळ्यांदेखत डोळे पुसत म्हणाले की शुक्रवारची पाळी अमृतरावांचीच होती, माझीच जबरदस्ती होती. आबांचं एक बुबुळ पापणीखाली हललं. त्याच वेळी वामनरावांनी तुमच्याकडं कारड टाकायला माणूस तामसीच्या टपालात पळवला.

शेवटी आत्याच आत आली, कोणी तरी गंगाजळ मागितलं म्हणून. तिनं पाहिलं की आबांचे डोळे उघडे आहेत आणि भिजलेले आहेत. ती बाहेर जाऊन म्हणाली की जित्ता हाय. कोणाला पटेना. मग ती चुलीपाशी गेली, कढईत तेल कडकडीत तापवलं, मोहरी, लसूण, लाल मिरच्या टाकल्या आणि माझ्या उरलेल्या सगळ्या सूपावर ती फोडणी ओतली. अशी चरचरली की वेशीवर ऐकू गेली असेल. बाया ठसकल्या, पुरुष ठसकले, आणि मग सगळ्यांना पटलं. मयताच्या घरी आणलेल्या भाकरी हातात होत्याच, त्या कोणी परत नेईना, त्यामुळे त्या भाकरी आणि माझ्या सूपाची ती लालभडक आमटी अंगणात बसून सगळी आळी जेवली. सगळ्यांनी चव घेतली आणि मुळ्याबद्दल विचारलं. आबांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, त्यांनीही अर्धी भाकरी खाल्ली.

वामनराव जाताना बांबू उचलायला लागले, आणि म्हणाले की पाळीचं मी दुःखाच्या भरात बोललो. आबा म्हणाले, “बांबू राहू द्या. वालाच्या मांडवाले लागतीन.” असा सगळा प्रकार झाला. बांबू आता मळ्यात उभे आहेत. पाळीचं भांडण पहिल्यासारखं चालू झालं आहे.

मी दुसऱ्या दिवशी निघालो. गाडी किनवटला थांबली. मी दाराच्या दांडीला धरून उभा होतो. फलाटावर भजीवाला होता, एक कुत्रं होतं, ओळखीचं कोणी नव्हतं. उतरावं असं फार वाटलं, पण निघताना आबांनी शपथ घातली होती की किनवटला उतरशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील. आताच एकदा गावभर रडून झालेलं, म्हणून मी ती शपथ मोडायला भ्यालो. गाडी सुटली. इथं आल्यापासून ताटल्या विसळून राह्यलो. सूपाची ताटली आली की तिला जरा जास्त पाणी लागतं.

तरी काळजी नसावी. आबा बरे आहेत. यायची घाई करू नये. लेकरांना त्यांच्या मामाची आठवण द्यावी, आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवावा.

तुझा धाकटा,
बाबाराव

ताजा कलम. उत्तर या पत्त्यावर धाडू नको. मी इथं राहीन असं वाटत नाही. बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत माणसं घेऊन राह्यले म्हणतात. तिथं सूप नसावं. 

दुसरा ताजा कलम. वर मी आबा बरे आहेत असं दोनतीनदा लिहिलं, ते भाऊजींचा आवाज वाचताना नीट राहावा म्हणून लिहिलं. अर्धी भाकरी त्यांनी चारचौघांच्या देखत खाल्ली, एवढंच. रात्र सरली तसं पुन्हा भिंतीकडं तोंड. वैद्य म्हणतात ताप अंगात नाहीच, मग औषध कशाला देऊ. सूप त्यांनी एकच चमचा घेतलं. ते कसं लागलं ते सांगितलं नाही.

तिसरा ताजा कलम. हा भाऊजींसाठी आहे, मनातल्या मनात वाचा, आणि आतापर्यंत मोठ्यानं वाचून गेला असाल तर तसंच पुढं चला. आबा मजा घेत नव्हते. लोक गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, “समद्या आल्या होत्या. रेणूचा आवाज नव्हता ना त्यात?” मी म्हणालो, ती एवढ्यात कशी येईल, कारड आता गेलं. त्यावर त्यांचे डोळे केवढे उजळले. म्हणाले, कारड गेलं तर येईल मग. जित्या तोंडानं नका येऊ म्हणून बसलो, ते तोंड परत बोलवू शकत नाही, “पन मयतीले बोलावनं लागत नाई, बाबा.” आणि मला बजावलं की ते खोटं आहे असं उलटं कारड धाडायचं नाही, किनवटला उतरून सांगायचंही नाही. म्हणून ती शपथ. मी शपथ पाळली आहे, उतरलो नाही. कारडही धाडलं नाही, हे पाकीट आहे.

ते तिथं रोज स्टेशनच्या मोटारीची वेळ झाली की कान देऊन पडलेले असतील आणि ते कारड भलत्याच जिल्ह्यात फिरून राह्यलं. तेव्हा भाऊजी, हे पत्र तुमाला मिळालंच नाही असं समजा. कारड मिळालं असं समजा. आक्काला घेऊन निघा, तुमीही या, मयतीला जावयाला कोणी परमुलखाचा म्हणत नाही. आक्का, वेशीपासून रडत ये, चांगलं मोठ्यानं, म्हणजे त्यांना आतून ऐकू जाईल. आत्याला मी सांगून आलो आहे, ती रोज कढईत तेल घालून बसणार आहे. तुझा आवाज आला की ती फोडणी टाकणार आहे. ती चरचरलेली ऐकू आली की रडणं थांबव आणि आत जा.